फटाकडीचं सर्वेक्षण: मुंबईच्या दलदलीत काय करायचं, कधी आणि कोणत्या क्रमाने

"पाणजेला जाऊन आलो, क्रेक नाही." पाणजे ही उरणजवळची पाणथळ जागा, आणि क्रेक म्हणजे फटाकडी, गवतात लपून राहणारा पाणपक्षी. थंडी सुरू झाली की पक्षीनिरीक्षकांच्या ग्रुपवर असे निरोप येऊ लागतात. किती वाजता गेलात, कुठे उभे राहिलात, किती मिनिटं ऐकलंत, भरती होती की ओहोटी, शेजारी डंपर चालू होते का, यातलं काहीच त्यात नसतं. मग पक्षी तिथे नव्हता की तुम्हाला सापडला नाही, हे कुणालाच सांगता येत नाही. उद्या त्या जागेवर भराव पडायची वेळ आली, तर असल्या नोंदीचा जागेला काडीचा आधार नाही. उलट "तुमच्याच लोकांना काही दिसलं नव्हतं" म्हणून ती तोंडावर फेकली जाते.

ही पद्धत मी तीन पक्षी डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय: हिवाळी पाहुणी बेलन्स क्रेक, रडी-ब्रेस्टेड क्रेक आणि स्लेटी-ब्रेस्टेड रेल. तिघीही फटाकड्यांच्या कुळातल्या, तिघीही गवतात घुसून बसणाऱ्या. पिवळा, तांबूस आणि काळा तापस, म्हणजे आपले बिटर्न, यांनाही हाच क्रम थोड्या फरकाने चालतो.

१. प्रश्न एकच ठेवा

"किती आहेत?" हा प्रश्न सोडून द्या. गवतात लपणाऱ्या फटाकड्या हौशी गटाला नेमक्या मोजता येत नाहीत, आणि अंदाजाने लिहिलेला आकडा पुढे खरा म्हणून फिरत राहतो. "या तुकड्यात, या हंगामात, ती आहे का?" एवढंच विचारा.

हंगामही एकच धरा. नोव्हेंबर ते मार्च हा बेलन्स क्रेकचा काळ. ती तेव्हा फारशी बोलत नाही, म्हणून डोळ्यांवर भिस्त. जून ते सप्टेंबर हा तापसांचा आणि स्लेटी-ब्रेस्टेड रेलचा बोलका काळ. तेव्हा काम कानाचं. दोन्ही हंगामांची नोंद एकाच तक्त्यात कोंबली की शेवटी दोन्हींचं काही हाती लागत नाही.

२. बिंदू नकाशावर ठरवा, बांधावर नव्हे

बिंदू म्हणजे उभं राहून ऐकायची-बघायची ठरलेली जागा. सर्वांत जास्त होणारी चूक इथली. गेल्या वर्षी जिथे कुणाला फोटो मिळाला, तिथेच सगळे उभे राहतात. मग सर्वेक्षण त्या एका कोपऱ्याचं होतं, दलदलीचं नाही.

उपग्रह नकाशा उघडा आणि आधी पाणी कुठलं ते वेगळं करा. गोड्या पाण्याची डबकी आणि तळी, जिथे पाणकणीस, लव्हाळा, जलपर्णी असते, ती एका रंगात: भांडुप पंपिंग स्टेशनच्या रस्त्यालगतची डबकी, अंधेरीचा लोखंडवाला तलाव. भरतीचं पाणी ज्यांत शिरतं ते तुकडे दुसऱ्या रंगात: ठाणे खाडीची कड, उरणची पाणथळं. दोन्हीकडे फटाकडी असू शकते, पण वेळापत्रक वेगळं लागतं.

मग प्रत्येक तुकड्यात गवत आणि उघडा चिखल जिथे भेटतात ती रेघ शोधा. पक्षी त्या रेघेवर येतो, घोट्याएवढ्या पाण्यात किंवा तरंगत्या पानांवर, आणि खुट्ट झालं की आत. पाणकणसाच्या मधोमध दुर्बीण लावून काही उपयोग नाही.

अशा जागा दहा निघाल्या आणि तुमची ताकद चारची असेल, तर चिठ्ठ्या टाका. खरंच टाका. "मला वाटतं इथे असेल" याला निवडीत जागा नाही.

दोन बिंदूंमध्ये अंतर किती? उत्तर अमेरिकेत दलदलीतल्या पक्ष्यांसाठी जी ठरीव पद्धत वापरतात, तिच्यात ते ४०० मीटर आहे, म्हणजे एकच पक्षी दोन ठिकाणी नोंदला जात नाही. आपल्याकडचे तुकडे चिमुकले. तीनशे मीटर लांबीच्या तळ्याला एकच बिंदू द्या. तिथे तीन बिंदू बसवले तर नोंदी तिप्पट दिसतील, माहिती तेवढीच राहील.

बिंदू बांधावर किंवा रस्त्यावर हवा, दलदलीच्या आत नको. जीपीएसबरोबर जवळच्या विजेच्या खांबाचा नंबर किंवा पक्की खूण लिहून ठेवा. मोबाइलचा जीपीएस झाडाखाली सहज दहा-पंधरा मीटर चुकतो.

*तपासा:* प्रत्येक बिंदूवर एकदा दिवसाउजेडी जाऊन या. तिथे दहा-बारा मिनिटं न हलता उभं राहता येतं का? कुत्र्यांची टोळी आहे का? भरतीचं पाणी आत यायची वाट मोकळी आहे, की कुणी पाइप बुजवून ठेवलाय? शेवटची गोष्ट फोटोसकट नोंदवा. पक्षी न सापडण्याचं कारण बऱ्याचदा तेच असतं.

३. परवानगी कागदावर घ्या

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याच्या हद्दीत काम असेल तर वनविभागाच्या कांदळवन कक्षाची लेखी परवानगी लागते. बाकी जागा कुठे महापालिकेच्या, कुठे सिडकोच्या, कुठे बंदराच्या, कुठे मिठागराच्या; जमीन कुणाची ते आधी काढा. अर्जात माणसांची नावं, तारखा, बिंदूंचा नकाशा आणि उपकरणांची यादी द्या. रेकॉर्डर आणि कॅमेरा ट्रॅप (समोर हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) वेगळे नमूद करा, आणि ड्रोन वापरणार नाही हेही लिहा.

फाटकावरच्या दादांनी "जा जा" म्हटलं, याला परवानगी म्हणत नाहीत. पुढच्या वेळी फाटकावर दुसरे दादा असतात.

त्याच फेरीत तिथे रोज येणाऱ्यांशी बोला: जाळं टाकणारे, खेकडे पकडणारे, गवत कापणारे. मात्र फोटो पुढे करून "काका, हा बघितलाय का?" असं विचारू नका. तुम्हाला बरं वाटावं म्हणून काका हो म्हणतील. "गवतातून पळत जाणारं, कोंबडीच्या पिलाएवढं काही दिसतं का हो? चालताना शेपटीचं काय करतं?" असं विचारा आणि ऐकत राहा. शेपूट झटकतं असं त्यांनी आपणहून सांगितलं, तर मग चार वेगवेगळे फोटो दाखवा. हा धागा म्हणून लिहायचा, नोंद म्हणून नाही.

४. तारखा तिथीवरून काढा

गोड्या पाण्याच्या बिंदूंना ही पायरी सोडून देता येईल. खाडीकाठी मात्र सगळं इथेच फसतं.

जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे भरती दुपारकडे आणि पहाटे पाणी उतरलेलं. यात तासभर इकडेतिकडे होतं, तेव्हा अंतिम वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यावरूनच घ्या.

आता बघा, दर रविवारी जाणाऱ्याचं काय होतं. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. सात दिवसांत ती जवळजवळ सहा तास सरकते, म्हणजे या रविवारी पहाटे भरती तर पुढच्या रविवारी पहाटे ओहोटी. या दोन सकाळींची तुलना करताच येत नाही. एक रविवार सोडून जा, की पहाट आणि भरती यांचं गणित बऱ्यापैकी जुळतं. रविवारी वाहनांचा आवाजही कमी. मात्र दर खेपेला चाळीसेक मिनिटं घसरतातच. चौथ्या खेपेपर्यंत दोन तासांचा फरक पडतो, तेव्हा तारीख दोन दिवस पुढे ढकला.

भरती निवडायची की ओहोटी? दोन्ही चालतात, फक्त हंगामभर एकच धरा. माझा कल भांगाच्या दिवसांकडे, म्हणजे अष्टमीच्या मागेपुढे. पहाटे पाणी चढलेलं असतं, उघडा चिखल कमी उरतो आणि पक्षी कडेला येण्याची शक्यता वाढते.

घड्याळ असं: सूर्योदयाच्या अर्धा तास आधी पहिला बिंदू, सूर्योदयानंतर दोन तासांत शेवटचा. जानेवारीच्या मध्यात मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, जूनच्या सुरुवातीला सहाच्या. "सहाला भेटू" हा वर्षभराचा नियम म्हणूनच चालत नाही. बिंदूंचा क्रम प्रत्येक खेपेला उलटा करा. नाहीतर शेवटच्या बिंदूला कायम उन्हाची वेळ येते आणि तिथला पक्षी कायम गैरहजर लागतो.

*खेपा किती?* समजा पक्षी तिथे आहेच, आणि एका खेपेत तो सापडण्याची शक्यता ३० टक्के आहे. एकदा जाऊन तो हुकण्याची शक्यता ७० टक्के. तीन खेपांनंतरही तो हुकलेलाच राहण्याची शक्यता ३४ टक्के, पाच खेपांनंतर १७, आठ खेपांनंतर ६ टक्क्यांच्या जवळ. ३० हा आकडा उदाहरणाचा आहे, पण एका फेरीवरून "नाही" म्हणणं किती पोकळ ते यातून कळतं. पाचपेक्षा कमी खेपा जमणार असतील तर बिंदू कमी करा, खेपा नाही.

*इशारा:* पाणकणसाचे शेंडे सारखे डोलत असतील किंवा पाऊस चालू असेल, तर ती खेप रद्द. आलोच आहोत म्हणून उरकून घेऊ नका.

५. कान तयार करा

साहित्य फार नाही. ८×४२ ची दुर्बीण, आवाज टिपायला रेकॉर्डर किंवा मोबाइल, स्टॉपवॉच, सेंटिमीटरच्या खुणा केलेली काठी, तक्ते आणि पेन्सिल. पेन नको, पहाटेच्या दमट कागदावर शाई पसरते. अंगभर कपडे आणि गमबूट हवेतच. बांधावर घोणस असते, आणि पावसाळ्यात पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका, लेप्टोस्पायरोसिसचा धोका खरा आहे. खाडीचा चिखल वरून घट्ट दिसतो आणि मांडीपर्यंत घेतो, म्हणून बांध सोडायचाच नाही.

खरी तयारी कानाची, आणि ती दुर्मीळ पक्ष्यापासून सुरू करू नका. आधी साधी पाणकोंबडी पक्की करा: तिचं एकसुरी "क्रू-वाक, क्रू-वाक", मध्येच घशातून घोरल्यासारखं, मध्येच भांडण झाल्यासारखा कालवा. हौशी नोंदींत "रेलचा आवाज" म्हणून येतं त्यात बरंचसं हेच असतं. मग वारकरी, म्हणजे कूट, आणि जांभळी पाणकोंबडी. मग बेडूक, कारण बेलन्स क्रेकचा कोरडा करकर आवाज बेडकाच्या फार जवळ जातो. ही सगळी ओळखीची झाली की रडी-ब्रेस्टेड क्रेकची सुरावट आपोआप वेगळी पडते: सुटे टोकदार स्वर, मग वेग घेत खाली घसरत जाणारी थरथर.

*तपासा:* गटातल्या प्रत्येकाला वीस आवाज, नावं न सांगता, ऐकवा. ज्याला पाणकोंबडी आणि रेल सोडवता येत नाही त्याने या हंगामात नोंदणी करावी, ओळख नाही. यात कमीपणा काही नाही. घड्याळ आणि तक्ता नीट सांभाळणारा माणूस मिळणं जास्त कठीण.

६. बिंदूवरची बारा मिनिटं

दोघं पुरेत, चार म्हणजे गर्दी.

पहिली दोन मिनिटं काहीच नोंदवायचं नाही. तुमच्या येण्याने जे दबलं ते पुन्हा हलू द्या. गाडी दूर लावा आणि दार आपटू नका.

पुढची पाच मिनिटं फक्त ऐकायचं. दुर्बीण गळ्यात, हात खाली. प्रत्येक मिनिटाचा रकाना वेगळा, आणि ज्या मिनिटात पक्षी पहिल्यांदा ऐकू आला त्यात खूण. हा मिनिटांचा हिशेब कटकटीचा वाटतो, पण पक्षी सापडायला किती वेळ लागतो ते पुढे त्यावरूनच काढता येतं.

शेवटची पाच मिनिटं बघण्याची. आधी नुसत्या डोळ्यांनी, गवताची कड डावीकडून उजवीकडे. नजरेला पक्षी दिसत नाही, हालचाल दिसते: शेपटीचा झटका, पाण्यावर उठलेलं वर्तुळ. तिथे थांबून मग दुर्बीण.

निघण्याआधी वारा, पाण्याची खोली आणि गोंगाट लिहा. गोंगाटाला शून्य ते तीन असे आकडे द्या. तीन म्हणजे पन्नास मीटरवरची पाणकोंबडीही ऐकू येऊ नये इतका. पूर्व द्रुतगती महामार्ग, लोकल, विमानं, लाउडस्पीकर हे सगळं ज्या शहरात आहे तिथे हा रकाना रिकामा ठेवलात तर तुमच्या शून्याला अर्थ उरत नाही.

भरलेली ओळ अशी दिसते: "बिंदू ३, खांब क्र. लिहिला. सुरू ६.५२. भरती, पाणी उतरायला लागलेलं. वारा मंद. गोंगाट २, दोन लोकल गेल्या. खोली ११ सेंमी. पाणकोंबडी: ऐकली, मिनिट १. क्रेक जात अनिश्चित: ऐकली, मिनिट ४, ईशान्य, अंदाजे ४० मी., रेकॉर्डिंग आहे. बेलन्स: नाही. स्लेटी: नाही." ती दोन "नाही" लिहिलेली आहेत, रिकामी सोडलेली नाहीत, याकडे लक्ष द्या. रिकाम्या रकान्याचा अर्थ विसरलो असाही होतो.

मोबाइलच्या ॲपने सुचवलेलं नाव हा पुरावा नाही. मर्लिन (आवाजावरून पक्ष्याचं नाव सुचवणारं ॲप) काय म्हणतं ते शेरा म्हणून लिहा आणि मूळ रेकॉर्डिंग जपून ठेवा.

*इशारा, आणि हा मोठा आहे:* स्पीकरवर हाक वाजवून पक्ष्याला बाहेर काढू नका. वर उल्लेख केलेल्या अमेरिकी पद्धतीत पाच मिनिटं शांत ऐकल्यावर हाका वाजवतात हे खरं, पण तिथे हाकांचा क्रम, लांबी आणि आवाजाची पातळी ठरलेली असते आणि ती सगळीकडे एकसारखी पाळली जाते. आपल्याकडे "एकदा वाजवून बघू" म्हणता म्हणता फोटो मिळेपर्यंत वाजत राहतं. पक्षी हद्द राखायला सारखा बाहेर येतो आणि अंडी उघडी पडतात. शिवाय मनाला येईल तशी हाक वाजवली की पाच खेपांची तुलनाच मोडते. अभ्यासासाठी खरंच गरज असेल, तर परवानगीत तसं लिहून घ्या आणि अनुभवी पक्षीतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करा.

७. दिसला, पण तोच का?

काळं, कापसासारखं पिल्लू गवतातून पळालं तर ते बहुधा पाणकोंबडीचं. तपकिरी पक्षी, कुशीवर पांढरी तुटक रेघ, तर मूरहेन या दुसऱ्या पाणपक्ष्याचं अर्धवट वाढलेलं पोर. या दोघांनी जितकी "क्रेक" पुरवली आहेत तितकी क्रेकनेही पुरवली नसतील.

बेलन्स क्रेक साळुंकीपेक्षा लहान, आखूड चोचीची, तपकिरी पाठीवर पांढरे फटकारे, पाय हिरवट. रडी-ब्रेस्टेडची पाठ साधी, बिनठिपक्यांची, आणि पाय लाल. स्लेटी-ब्रेस्टेड रेल मोठी: चोच लांब, डोकं तांबूस, छाती राखाडी, पाठीवर पांढऱ्या आडव्या रेघा. चोच आणि पाय दिसले नाहीत तर "जात अनिश्चित" लिहा.

तापसाबाबत फसवणारा एकच, तो म्हणजे वंचक, एक लहान बगळा. बसलेला असताना तपकिरी, रेघारेघांचा, अगदी तापस वाटतो. उडाला की पंख पांढरेशुभ्र. पिवळ्या तापसाच्या पंखांची टोकं आणि मागची कड काळी असते. म्हणून तो उडेपर्यंत थांबा, पण उडवू नका.

८. यंत्रं

ऑडिओमॉथसारखा स्वयंचलित रेकॉर्डर पहाटेचे दोन तास टिपून ठेवतो, तेही तुम्ही तिथे नसताना. पावसाळ्यात त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. पिशवीत सिलिका जेल टाका आणि उधाणाची रेघ जिथपर्यंत येते त्याच्या वर बांधा. कॅमेरा ट्रॅप चिखलाच्या कडेला गुडघ्याखाली लावावा लागतो. समोरचं गवत कापून मोकळं करू नका. चोरीची तयारी ठेवा, आणि त्यात माणसांचे फोटो आले तर ते कुणालाही न दाखवता पुसा.

९. त्याच दुपारी

घरी आल्यावर झोपायच्या आधी तक्त्याचा फोटो काढा आणि आकडे संगणकात भरा. रेकॉर्डिंगच्या फाइलला बिंदू, तारीख, वेळ असं नाव द्या. "न्यू रेकॉर्डिंग सत्तावीस" कुठल्या बिंदूवरचं, हे महिन्याभराने कुणालाही आठवत नाही.

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर प्रत्येक बिंदूची वेगळी यादी करा, "स्टेशनरी" (एका जागी थांबून केलेली नोंद) प्रकारात, दिसलेले-ऐकलेले सगळे पक्षी घालून पूर्ण यादी. फक्त क्रेकची यादी टाकली तर ती न सापडलेल्या सकाळी हिशेबातून गळतात. घरटं किंवा पिल्लं आढळली असतील तर यादी सार्वजनिक दिसणार नाही अशी लपवण्याची सोय तिथे आहे, ती वापरा. ग्रुपवर लोकेशन पिन तर अजिबात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बांधावर दहा लेन्स उभ्या असतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं शिकारीच्या व्याख्येत मोडतं. "मी फक्त फोटो काढत होतो" हे तिथे उत्तर होत नाही.

१०. कुणाच्या हाती द्यायचं

हंगाम संपला की दोन पानांचा अहवाल पुरे. पहिल्या पानावर बिंदूंचा नकाशा, खेपांच्या तारखा, एकूण मिनिटं, आणि प्रत्येक बिंदूवर किती खेपांपैकी किती वेळा पक्षी सापडला ते. "पाचपैकी दोन" असं लिहा, "आढळतो" असं नाही. दुसऱ्या पानावर जागेची अवस्था: बुजवलेला पाइप, राडारोडा, जाळलेलं गवत, तारखेसह फोटो. एक प्रत परवानगी देणाऱ्या कार्यालयाला पोच घेऊन द्या, एक बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठवा. मूळ पेन्सिलचे तक्ते मात्र कुणालाही देऊ नका. झेरॉक्स द्या. जागेचा वाद उद्या सुनावणीपर्यंत गेला तर पहिली मागणी मूळ कागदाचीच होते.